वामकुक्षीचा चुकलेला अर्थ

मी इंग्रजी पाचवीच्या वर्गावर फळ्याकडे पाठ करून उभा होतो. एक वाक्य लिहून झालं होतं आणि त्याचं पृथक्करण मुलांकडून करून घ्यायचं होतं. तोंड उघडलं तर शब्दाऐवजी आंबट पाणी घशाशी आलं. ते मी कसंबसं गिळलं. छातीच्या मधोमध, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीच्या मागे, कुणी निखारा ठेवावा तशी जळजळ सुरू झाली. पुढचं वाक्य बोललो ते इतक्या बसक्या आवाजात, की मागच्या बाकांवरची मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मास्तरांना उदाहरण आठवत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

सोलापुरातल्या एका हायस्कुलात मला लागून तेव्हा नऊ महिने झाले होते. नेमणूक एका वर्षाची होती. वर्ष संपताना हेडमास्तर काम पाहणार, पसंत पडलं तर कायम करणार, नाहीतर निरोप देणार, असं ठरलेलं होतं. आमच्या गावात बी. ए. झालेला मीच पहिला. मॅट्रिक झालेलाही मीच पहिला. आमच्या आणि माझ्या सासरच्या, दोन्ही घरांत मेंढरं आणि कोरडवाहू जमीन, आणि सही करायची वेळ आली की अंगठा पुढे. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला चौथीनंतर तालुक्याच्या शाळेत नेऊन घातलं. तिथल्या मास्तरांनी पुण्याच्या बोर्डिंगला चिठ्ठी दिली. असा हातोहात मी पुढे गेलो. माझ्या पदवीत माझा वाटा किती आणि या लोकांचा किती, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे आणि प्रत्येक वेळी माझा वाटा थोडा कमीच भरला आहे. म्हणून कायम होणं ही माझी एकट्याची गोष्ट नव्हती. नोकरी गेली तर इतक्या जणांना काय सांगायचं, हा प्रश्न होता.

पहिल्या दिवशीची जळजळ मी मनावर घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झाली. आठवडाभरात तिचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाइतकं पक्कं झालं. दुपारी जेवून पडलो की तासाभरात करपट ढेकरा सुरू. संध्याकाळी जरा बरं. सकाळी उठावं तर तोंड आंबट आणि घसा खरवडल्यासारखा. मार्च लागल्यापासून शाळा सकाळची झाली होती, सात ते अकरा. म्हणजे आवाजाची गरज नेमकी तेव्हा, जेव्हा तो जागेवर नसे.

एकदा तास सुटल्यावर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. ते कधी चिडून बोलत नसत. त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागे.

“तुमची तयारी चांगली असते,” ते म्हणाले. “पण मी काल व्हरांड्यातून जात होतो. तुम्ही बोलत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. दारापर्यंत आवाज येत नाही, तो मागच्या बाकापर्यंत काय पोचत असेल?”

“घसा जरा बसलाय, सर.”

“तो पंधरा दिवस बसलेलाच आहे. हे पाहा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या वर्गावर येऊन बसणार आहे. शेवटच्या बाकावर. तिथे मला ऐकू आलं पाहिजे. शिक्षकाला बाकी सगळं नंतर येतं, आवाज मात्र आधी लागतो.”

मी ‘होय सर’ म्हणालो. तेही मला दोनदा म्हणावं लागलं.

घरी मी हे बायकोला सांगितलं. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण संसार थाटून नऊ महिनेच. साखर पेठेच्या अंगाला एका चाळीत दोन खोल्या होत्या. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं. पहाटेपासून हातमागांचा खटखट आवाज चाले. आमच्या शेजारच्या बाईंना बायको अक्का म्हणे. ती गावाहून आली तेव्हा शहरात बिचकेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात आठ दिवसांत तिने अक्कांकडून पाणी कधी येतं, जळण कुठे स्वस्त, आणि कोणाच्या घरी कोणाशी अबोला आहे, हे सगळं माहीत करून घेतलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ताप नव्हता, घास गिळताना अडत नव्हतं, अंगावरचं मांसही उतरत नव्हतं. त्यामुळे डॉक्टरकडे जाण्याइतकं हे दुखणं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. घरीच काहीतरी करावं असं ठरलं. अक्कांनी दारातूनच पहिलं औषध सांगितलं.

“मास्तरला मज्जिगा दे. मज्जिगा. रोज दोन लोटा.”

“मज्जिगा म्हंजी काय, अक्का?”

“तेच गं, पांढरं. दही घुसळून करते ते.”

“ताक व्हय. मग ताक म्हना की.”

ताक सुरू झालं. ताज्या ताकानं बरं वाटे. पण ताक उरलं की बायको ते टाकून देईना, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळचं ताक दुपारपर्यंत असं आंबे, की ते प्यायल्यावर जुनी जळजळ बरी होती असं म्हणायची पाळी येई. मग धन्या-जिऱ्याचं पाणी झालं. भिजवलेल्या मनुका झाल्या. ज्वारीच्या लाह्या पाण्यात भिजवून त्यावर खडीसाखर घालून मी चार दिवस खाल्ल्या, आणि त्या खरोखर गुणकारी वाटल्या. पण लाह्यांवर माणूस फार दिवस राहत नाही.

माझ्या बाजूने मी दोन शहरी उपाय केले. घशासाठी पिपरमिटाच्या गोळ्या खिशात ठेवल्या आणि तासाला तासाला चघळू लागलो. शिवाय नव्या पेठेतल्या एका दुकानात संध्याकाळी थांबून गोळीची सोडावॉटर बाटली घेऊ लागलो. दुकानदार अंगठ्याने गोळी आत ढकली, बाटली फसफसे, आणि पहिल्या घोटालाच असा ढेकर येई की आता सगळं संपलं असं वाटे. पण घरी पोचेपर्यंत तोच ढेकर सोबतीला आणखी चौघांना घेऊन परत येई. गोळ्यांचंही तसंच. तोंड थंड आणि छाती गरम. हे दोन्ही उपाय उलटे होते हे कळायला मला पंधरा दिवस लागले. बायकोला ते आधीच कळलं होतं. “त्यो दुकानदार तुमास्नी बघून खूश हुत आसंल की,” एवढंच ती म्हणाली.

या सगळ्यात खरा जाच झाला तो तिला. ती शेंगाची चटणी फार चांगली करते. उखळात लसूण, तिखट, मीठ आणि भाजलेले दाणे कुटून कुटून त्याला तेल सुटेपर्यंत ती थांबत नसे. कडक भाकरी, चटणी आणि वर कच्चं तेल, हे माझं आवडतं जेवण. शाळेतले दोन सहकारीही ती चटणी मागून नेत. एक दिवस पाण्यावर अक्का तिला सहज बोलून गेल्या, “अगं, मास्तरचं छाती तूच जाळते. तुझं ते चटणी.”

ती घरी आली आणि चटणीचं भांडं उचलून अक्कांच्या दारात ठेवून आली. त्या दिवसापासून मला मुगाची खिचडी, दूधभात आणि दुधी. तिखट नाही, तेल नाही, लसूण नाही. ती स्वतःही तेच खाऊ लागली.

“तू कशाला? तुला काही होत नाही.”

“म्या केलेलं तुमी खायाचं न्हाय आन म्या येकटीनं खायाचं व्हय? गावाकडं कळलं तर काय म्हनतील? पोराला शिकवून सायेब केला आन बायकूनं त्येचा आवाज जाळला.”

मी हसलो, पण ती हसली नाही. तेव्हा मला समजलं की एप्रिलच्या परीक्षेला मी एकटा बसलेलो नाही.

तीन आठवडे असे गेले. जळजळ थोडी कमी झाली, पण गेली नाही. आवाज मधूनच येई, मधूनच जाई. हेडमास्तरांच्या आठवड्याला बारा-तेरा दिवस उरले होते.

आता त्या वामकुक्षीचं सांगायला हवं. आमच्या घरात दिवसा झोपणं हा प्रकारच नव्हता. दुपारी लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली की हात झटकून उठायचं, मेंढरं काही थांबून राहत नाहीत. दिवसा आडवा झाला तो आजारी, असं आम्ही समजत असू. सोलापुरात शाळा सकाळची झाली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसणारे संस्कृतचे शास्त्रीबुवा म्हणाले, “या उन्हाळी शाळेत एकच गुण. वामकुक्षी घेता येते.” तो शब्द मला फार आवडला. सुसंस्कृत माणसं दुपारी झोपत नाहीत, वामकुक्षी घेतात, असं मी मनाशी नोंदवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मीही ती घेऊ लागलो. पुण्यात चार वर्षं राहिलो तेव्हाही मी असे पुष्कळ शब्द आणि सवयी उचलल्या होत्या. बऱ्याचशा चांगल्या होत्या.

बायकोला मी अभिमानाने सांगितलं, “मी आता वामकुक्षी घेणार आहे.”

“घ्या की. कुटं मिळती?”

“अगं, घ्यायची म्हणजे पडायचं. जेवल्यावर थोडं आडवं व्हायचं, त्याला वामकुक्षी म्हणतात.”

“कुक्षी म्हंजी आपली कूस का?”

“होय.”

“आन वाम? कोन्ती कूस ती?”

आता संस्कृत हा माझा बी. ए.ला दुसरा विषय होता. मी पाठांतर करून तो पार केला होता. शब्द मला अर्थासकट पाठ होते, पण एकेका शब्दाला एकेकच अर्थ. सुंदर डोळ्यांच्या स्त्रीला वामलोचना म्हणतात, हे वहीत तांबड्या शाईने लिहिलेलं मला स्पष्ट दिसत होतं. मी तिला सांगितलं, “वाम म्हणजे सुंदर. वामकुक्षी म्हणजे सुंदर अशी विश्रांती.”

“बरं,” ती म्हणाली. “निजा मग सुंदर.”

आणि मी निजलो. आमची खाट भिंतीला लावलेली होती. उजव्या कुशीवर वळलं की खिडकीतला उजेड पुस्तकावर पडे, म्हणून उजव्या कुशीवर. दोन पानं वाचून होईपर्यंत डोळा लागे. हात धुतलेल्या ओल्या बोटांची खूण पुस्तकाच्या पानावर उमटलेली असे, इतक्या तातडीने मी ताटावरून खाटेवर जात होतो.

एका रविवारी दुपारी बायकोने मला भाकरी वाढली आणि ताटात शेंगाच्या चटणीचा एक गोळा ठेवला. अक्कांच्या घरून ती परत आली होती.

“हे काय?”

“खावा. बगू या काय हुतंय.”

“उद्या वर्गावर जायचंय मला.”

“मागल्या रविवारी बी खाल्लीसा तुमी. आक्काच्या सासूबाईंनी जेवाय बोलीवलं हुतं तवा. दोन डाव मागून घेतली, म्या बगितलं. मग तुमी वाचनालयात गेलासा. दिवस मावळूस्तोवर येक ढेकर न्हाय दिलासा. त्येच्या आदल्या रविवारी आक्कानं धाडलेली आमटी कसली जाळ हुती. तवा बी काय न्हाय. आन बुदवारी निसता दूधभात खाल्लासा तर निखारा. मग माझी चटनी कशी वो जाळती? रविवारी ती सुट्टीवर आसती का?”

मी घास हातात धरून विचार करू लागलो. तिचं म्हणणं खरं होतं. रविवारी दुपारी वाचनालय रिकामं असे, इंग्रजी वर्तमानपत्र बिनबोभाट हाती लागे, म्हणून मी जेवून लगेच तिकडे जात असे. तिथे दोन तास लाकडी खुर्चीवर ताठ बसावं लागे. कारण त्या खुर्चीची पाठ मोडलेली होती.

“मग तुझं म्हणणं काय?”

“चटनी न्हाय जाळत. तुमची ती सुंदर कुशी जाळती.”

मी तर्कशास्त्राचं एक पुस्तक कॉलेजात वाचलं होतं. त्यात कारण कसं शोधावं यावर एक लांब प्रकरण होतं. त्या प्रकरणात जे सांगितलं होतं तेच तिने चुलीपुढे बसून केलं होतं, आणि पुस्तक न वाचता. त्या रविवारी मी चटणी खाल्ली, वाचनालयात गेलो आणि संध्याकाळपर्यंत खरोखर काही झालं नाही.

तरीही मला ते पटेना. शास्त्रीबुवा तर गेली तीस वर्षं रोज वामकुक्षी घेतात आणि त्यांचा आवाज तीन वर्ग पलीकडे ऐकू येतो. सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलंच. खोलीत आणखी दोघे-तिघे होते.

“शास्त्रीबुवा, वामकुक्षीने पित्त वाढतं का हो? आमच्या घरचं तसं मत पडलंय.”

“वामकुक्षीने? छे. उलट शमतं. जेवल्यावर शतपावली, मग वामकुक्षी. जेवून उठलात की लगेच पडता का काय?”

“लगेच.”

“अहो बी. ए., तिथेच चुकलात. आणि कोणत्या कुशीवर पडता?”

“उजव्या.”

शास्त्रीबुवांनी तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेली होती. ती तिथेच थांबली. “उजव्या कुशीवर पडून तुम्ही वामकुक्षी घेता?”

“वाम म्हणजे सुंदर ना? वामलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची, तसं.”

ते इतके हसले की तपकीर त्यांच्या उपरण्यावर, माझ्या वहीवर आणि ड्रॉइंगच्या मास्तरांच्या डब्यात सांडली. मग शिंका सुरू झाल्या, त्या फक्त ड्रॉइंगच्या मास्तरांना. “वाम म्हणजे सुंदर, बरोबर आहे,” शास्त्रीबुवा डोळे पुसत म्हणाले. “आणि वाम म्हणजे डावा. वामकुक्षी म्हणजे डावी कूस. दोन अर्थांतला तुम्हाला नेमका नको तो आठवला. डाव्या कुशीवर पडलं की अन्न खाली राहतं, उजव्यावर वर येतं, असं आमचे वडील सांगत. तुम्ही महिनाभर जी घेताय ती वामकुक्षी नव्हे. तिला दक्षिणकुक्षी म्हणा.”

पुढे कितीतरी दिवस शिक्षकांच्या खोलीत मला ‘दक्षिणकुक्षी’ म्हणत असत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अर्थ पाठ करून पास झालेल्या माणसाला एखादा शब्द अंगाने शिकावा लागला, तर त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

घरी जाऊन मी सगळं खरं सांगितलं. न सांगता डाव्या कुशीवर वळून पडलो असतो तर तिला कळलंही नसतं. पण चटणीवरचा आळ उतरवायचा तर माझी चूक कबूल करणं भाग होतं.

ती भाकरी थापायची थांबली. “म्या तवाच इचारलं हुतं. वाम कोन्ती कूस म्हनून.”

“विचारलं होतंस.”

“तुमी म्हनला सुंदर.”

“म्हणालो.”

“डावी म्हनायला किती येळ लागतोय?” एवढं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसू लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग उठली, भिंतीपलीकडे हाक मारली, “आक्का, चटनीचा काय बी गुना न्हाय. मास्तरचं संस्कृत कच्चं हाय.” पलीकडचा माग थांबला. अक्कांनी आपल्या माणसांना ते तेलुगूत सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने तिकडून चार माणसं एकदम हसली.

त्यानंतरचे दहा दिवस बायकोने माझा ताबा घेतला. दुपारच्या जेवणानंतर चाळीच्या व्हरांड्यात शंभर पावलं. ऊन असे म्हणून सावलीच्या बाजूनेच, इकडून तिकडे. अक्कांच्या घरची मुलं मोठ्याने मोजत आणि पन्नाशीनंतर तेलुगूत जात, त्यामुळे शंभर झाली की एकशे वीस हे मला कधीच समजलं नाही. मग तासभर बसून वह्या तपासायच्या. मग हवं तर पडायचं, तेही डाव्या कुशीवर, पुस्तकाशिवाय. ताटात नेहमीच्या पाऊण वाढे. रात्री नऊला होणारं जेवण दिवेलागणीला होऊ लागलं. चहा उपाशीपोटी बंद. सोडावॉटर आणि पिपरमिट तर तिने नाव काढताच बंद. धोतराची गाठ मी कॉलेजात असल्यापासून फार आवळून मारत असे, वर्गात ते सुटेल की काय या भीतीने. ती गाठही तिने दोन बोटं सैल करायला लावली. चटणी राहिली, पण चमचाभर, आणि कच्च्या तेलाशिवाय. चटणी अगदी निर्दोष नव्हती, हे तिनेही मनात मान्य केलं असावं. अक्कांपुढे मात्र कधी नाही.

शेवटचा उपाय तिच्या माहेरचा होता. मी शाळेतून आलो तर खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक उभी वीट.

“हे कशाला?”

“मेंढरू हिरवं खाऊन फुगलं तर आमचा बा त्येचे पुढले पाय उंचवट्याव ठिवून हुबं करायचा. पोटातलं पोटात ऱ्हातं.”

“म्हणजे मी मेंढरू?”

“मेंढरू बरं. त्ये सांगितलेलं आयकतं.”

पहिल्या रात्री मी झोपेत पायथ्याशी घसरत गेलो. सकाळी पाय खाटेबाहेर आणि डोकं मध्यावर. पण उठलो तेव्हा तोंड आंबट नव्हतं. मी सवयीने घसा खाकरला आणि आवाज असा खणखणीत निघाला की मीच दचकलो. बायको पाणी भरत होती. तिने मागे न पाहता विचारलं, “कोन आलंय?”

हेडमास्तर आले ते बुधवारी. मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी सात वाजायच्या आधीच पोचलो. त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कप चहा होता. वाफ निघत होती. ते कधी कोणाला चहा देत नसत, निदान कायम न झालेल्याला तरी नाहीच.

“घ्या,” ते म्हणाले. “मग बरोबरच जाऊ वर्गावर.”

सकाळच्या शाळेसाठी मी उपाशीच निघालो होतो. उपाशीपोटी चहा म्हणजे अर्ध्या तासात काय होणार हे मला पाठ होतं, आणि या वेळी अर्थासकट. हेडमास्तरांना नाही म्हणणं हेही माझ्यासारख्याला सोपं नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात वरच्या माणसाने दिलेली वस्तू मी दोन्ही हातांनी घेतली होती. तसा मी कप उचललाही. मग खाली ठेवला.

“सर, माफ करा. चहा घेतला तर मला आज बोलता येणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “चहाने?”

“पित्त आहे. त्यानेच आवाज बसत होता. सध्या आवरलंय, पण चहाला घाबरतो.”

“मग पाणी घ्या,” ते म्हणाले, आणि दोन्ही कप त्यांनीच घेतले.

वर्गात ते शेवटच्या बाकावर बसले, दोन मुलांच्या मध्ये. तास वाचनाचा होता. एक लांब उतारा मी मोठ्याने वाचून दाखवायचा, मग प्रश्न. पहिल्या परिच्छेदानंतर छातीत काहीतरी हललं. मी थांबलो, फळ्यावर एक अवघड शब्द लिहिला, लिहिताना पाठ ताठ केली, तांब्यातलं पाणी घोटभर प्यायलो. आलं तसं ते खाली गेलं. मुलांना वाटलं, शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. मी पुढे वाचू लागलो आणि शेवटपर्यंत वाचलं. खिडकीबाहेरून एक टांगा घंटा वाजवत गेला, त्याच्यावरूनही माझा आवाज गेला असावा, कारण शेवटच्या बाकावरून कोणी मान पुढे काढली नाही.

तास संपल्यावर हेडमास्तर दारात थांबले. “ऐकू आलं,” ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत वळले. “औषध कोणतं घेतलंत?”

मी त्यांना शतपावली, डावी कूस, दिवेलागणीचं जेवण, विटा, सगळं क्रमाने सांगितलं. मेंढराचंही सांगितलं. हेडमास्तर हसतील असं वाटलं होतं, पण ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा एक हात छातीवर, कोटाच्या गुंड्यांच्या मागे गेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“वीट उभी ठेवायची की आडवी?” त्यांनी विचारलं.

“आडवी, सर. उभी ठेवली तर माणूस खाली घसरतो.”

शुक्रवारी कारकुनाने पाकीट आणून दिलं. पत्र इंग्रजीत, टंकलिखित, चारच ओळींचं. मी ते शाळेत दोनदा वाचलं आणि घरी येईपर्यंत खिशावरून हात काढला नाही. बायको दारातच होती. वाचता येत नसूनही तिने ते हातात घेऊन खालची सही बघितली, शिक्का बघितला, मग परत दिलं.

“वाचा.”

मी इंग्रजीत वाचलं. मग मराठीत सांगितलं. कायम नेमणूक झाली.

“कायम म्हंजी किती वर्सं?”

“कायम म्हणजे कायम. म्हातारपणापर्यंत. मी सोडली तरच.”

“आन ते काडनार न्हाईत?”

“चांगलं शिकवलं तर नाहीत.”

ती आत गेली आणि ज्या लोखंडी चुलीवर तिने दहा महिने स्वयंपाक केला होता ती कोपऱ्यात सरकवली. ती चूल अक्कांची, तात्पुरती वापरायला आणलेली. मी कधी विचारलंच नव्हतं की आपल्या घरात मातीची चूल का नाही. आज तिनेच सांगितलं. उद्या गावाकडं परतायची पाळी आली तर घातलेली चूल मागं टाकून जायला जीव धजला नसता, म्हणून घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अर्धी शाळा करून मी आलो तर दाराशी चिकण मातीची पाटी आणि भिजवलेला भुसा. अक्कांनी कुंभाराकडून माती आणवली होती. मी कोट काढून खुंटीला लावला, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि माती तुडवायला उतरलो. बी. ए. झाल्यापासून मातीत पाय घातला नव्हता. अक्का दारात बसून सांगत होत्या, भुसा कमी झाला, पाणी जास्त झालं. बायको त्यांचं काहीच ऐकत नव्हती. तिने चुलीचं तोंड पूर्वेला धरलं, मागच्या बाजूला वैल काढला, म्हणजे मोठ्या जाळावर भाकरी आणि मागच्या मंद आचेवर दूध. मग ओला हात फिरवून ती गुळगुळीत करत बसली.

“वाळाय आठ दिवस लागतील,” ती म्हणाली. “लागू द्यात.”